चार सुताची सळई

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्यांना एक गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येते. अंगात कॉलेजचा टी-शर्ट, पाठीला सॅक, हातात ए-फोर कागदावरचे ड्रॉइंग आणि आल्या आल्या एकच मागणी: ‘काका, ईएन-चोवीसमध्ये बनवून द्या.’ खिशात पैसे बेताचे, हाताशी वेळ त्याहून बेताचा. सॅकमध्ये पुरावा म्हणून मागच्या खेपेचा टाय रॉड असतो. चार सुताची, म्हणजे बाजारात बारा एमएम म्हणून मिळणारी सळई. मधोमध अशी वाकलेली, की दोन टोकांना सुतळी बांधली तर धनुष्य तयार.

काका ती हातात घेतात, उजेडाकडे धरून एका डोळ्याने तिच्या लांबीवरून नजर फिरवतात आणि विचारतात, ‘तुटली कुठे? ही तर वाकलीय.’

मुलांना हा फरक शब्दांचा वाटतो. तो शब्दांचा नाही, पण त्याकडे जाण्याआधी ही सळई वाकली कुठे ते पाहू.

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले ज्या बग्ग्या बांधतात, त्या बहुतेक ‘बाहा एसएईइंडिया’ या स्पर्धेसाठी असतात. लोखंडी पाइपांचा पिंजरा, एकट्या चालकाची जागा, चार खरबरीत टायर आणि पेट्रोल गटातल्या सगळ्या संघांना सारखेच असलेले, जेमतेम दहा हॉर्सपॉवरचे इंजिन. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेली ही स्पर्धा भारतात २००७ पासून भरते. तिचे गाव पीथमपूर, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात. नाशिककरांच्या दृष्टीने त्यातली गंमत अशी, की द्वारका चौकातून निघालेला आग्रा रोड मालेगाव, धुळे करत सेंधव्याचा घाट चढतो आणि चारशेएक किलोमीटरवर बग्गीला जवळजवळ पीथमपूरच्या दारात नेऊन सोडतो. टेम्पोवर ताडपत्री टाकून निघायचे, एवढेच. स्पर्धेचा शेवटचा दिवस चार तासांच्या सहनशक्तीच्या शर्यतीचा. मातीचे उंचवटे, ओंडके, दगड, चर. त्या चार तासांत गाडी इंजिनामुळे क्वचित थांबते; थांबते ती बहुधा चाकांच्या आसपास काहीतरी गेल्यामुळे. आणि स्टिअरिंग गेले, की गाडी ओढूनच बाहेर काढावी लागते.

(‘बाहा’ हा स्पॅनिश उच्चार. इंग्रजी स्पेलिंग वाचून निम्मी मुले ‘बाजा’ म्हणतात, आणि शर्यतीनंतर गाडीची अवस्था पाहिली की तोच उच्चार बरोबर वाटू लागतो.)

हे नाव मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पावरून आले. १९६४ साली ब्रूस मेयर्स या कॅलिफोर्नियाच्या माणसाने फोक्सवॅगन बीटलचे सुटे भाग घेऊन त्यांवर फायबरचे कवच चढवले आणि ‘मेयर्स मँक्स’ नावाची बग्गी उभी केली. १९६७ मध्ये त्या द्वीपकल्पात झालेली, हजार मैलांची म्हणवली गेलेली पहिली शर्यत अशाच एका मँक्सने जिंकली. बग्गीचा स्वभाव तेव्हापासून ठरला तो ठरलाच: गरिबाच्या मोटारीचे भाग घ्यायचे आणि त्यांना तिने कधी न पाहिलेल्या वाटेवर पळवायचे. तिकडे बीटल, इकडे मारुती ८००.

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत देशाला जसे मोटार चालवायला शिकवले, तसेच तिने भंगार बाजारालाही माल पुरवला. नाशिकचा लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली हटवला. पण मारुतीचे स्टिअरिंग रॅक अजूनही मिळते, आणि नवे घेतले तरी विद्यार्थ्याला परवडते. कितीतरी बग्ग्यांच्या पोटात हेच रॅक असते, दोन्ही बाजूंनी कापून आखूड केलेले.

आता चालकाच्या हातापासून चाकापर्यंत एकदा उतरून जाऊ. हातातल्या चाकाचा दांडा खाली येतो. वाटेत पायांना जागा द्यायची म्हणून त्याला एक किंवा दोन युनिव्हर्सल जॉइंट बसवून वळवलेला असतो. दांड्याच्या टोकाला छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन. ते फिरले, की दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड. त्याचे बाहेरचे टोक चाक धरणाऱ्या नकलच्या बाहेर आलेल्या हाताला पकडते, आणि तो हात ढकलला-ओढला की चाक वळते. गुळगुळीत रस्त्यावर हा सगळा प्रवास वरून खाली होतो. ऑफ-रोडला तो उलटा होतो. धक्का चाकाकडून निघतो आणि चालकाच्या मनगटापर्यंत येतो. वाटेत जो कच्चा सापडेल त्याचा बळी.

धक्का किती मोठा? एक साधा हिशेब करता येतो. चालकासकट बग्गी अडीचशे किलोच्या घरात. ती घसरत जाऊन चराच्या कडेला चाकाचा पुढचा भाग आडवा आपटला, आणि आपल्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे पाचशे किलोचा झटका बसला असे धरू. हा झटका चाक ज्या आसाभोवती वळते त्यापासून सुमारे २५ सेंटीमीटर पुढे बसतो. टाय रॉड मात्र त्या आसापासून अवघ्या साडेसात सेंटीमीटरवर चाकाला धरून असतो. कुदळीच्या दांड्याचा न्याय: लांब बाजूने थोडे बळ लावले की आखूड बाजूला ते अनेक पटींनी उमटते. पाचशेला २५ ने गुणून साडेसातने भागले की १,६६० किलोंच्या पुढे आकडा जातो. दीड टनाहून जास्त दाब, आणि तोही बोटाएवढ्या जाडीच्या सळईवर!

इथे काकांच्या प्रश्नाला अर्थ येतो. लांब बारीक सळई दोन्ही टोकांनी दाबली, की ती चेंगरून निकामी होत नाही. त्याआधीच बाजूला फुगून वाकते. अगरबत्तीची काडी टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबावी. मोडण्याआधी ती कमान करते. कोणत्या भाराला ही कमान सुरू होईल याचे गणित लिओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली मांडले, आणि ते आजही तसेच वापरात आहे. त्या सूत्रात सळईची लांबी आहे, जाडी आहे आणि धातूचा ताठरपणा आहे. धातूची ताकद नाहीच.

मुलांचा घोटाळा इथेच होतो. ताठरपणा आणि ताकद या वेगळ्या गोष्टी. पोलाद दारच्या ग्रिलचे असो की ईएन-२४ चे, त्याचा ताठरपणा जवळपास तेवढाच, दोन लाख मेगापास्कलच्या आसपास. महागडे पोलाद जास्त भार सोसून पुन्हा सरळ होते खरे. पण ठरावीक भाराखाली ते साध्या पोलादाएवढेच लवते. म्हणून ३५ सेंटीमीटर लांबीची बारा एमएमची सळई साध्या माइल्ड स्टीलची असली तरी साडेसोळाशे किलोंच्या सुमारास धनुष्य होणार, आणि ईएन-२४ ची असली तरी त्याच सुमारास होणार. वरच्या हिशेबातला झटका नेमका याच काठावर आहे. पैसे गेले, सळई वाकायची ती वाकलीच.

मग करायचे काय? धातू बदलण्याआधी आकार बदलायचा.

बारा एमएमच्या भरीव सळईऐवजी १९ एमएम बाहेरच्या व्यासाची, दोन एमएम जाडीची सीमलेस पाइप घ्यावी. तिच्यातले पोलाद सळईपेक्षा किंचित कमीच भरते. ३५ सेंटीमीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास. पण तेच पोलाद मध्यापासून दूर सरकल्यामुळे वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ चौपट होतो. साध्या पोलादाची असली तरी ही पाइप चोवीसशे किलोंच्या आसपास तग धरते. आणि गंमत म्हणजे आता, इथे आल्यावर, चांगल्या धातूचा उपयोग सुरू होतो. पाइप इतकी ताठ झालेली असते, की कमान होण्याआधी धातूची ताकद पणाला लागते. क्रोमोली, म्हणजे ४१३० जातीची क्रोमियम-मॉलिब्डेनमची पाइप घेतली तर आकडा अडतीसशेच्या घरात जातो. भरीव सळईत जो पैसा वाया गेला असता, तोच पोकळ पाइपेत कामाला येतो. बांबू पोकळ असतो, भरीव नाही, हे गावाकडच्या मुलाला सांगावे लागत नाही. ड्रॉइंग काढताना मात्र तो विसरतो.

नाशिकहून वीसेक किलोमीटरवर ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग-२१ पासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमाने तिथे बांधली गेली. मिग-२१ सारख्या जुन्या पिढीच्या विमानात वैमानिकाच्या हातातली दांडी आणि पंखांवरची हलती पाती यांच्यामध्ये ढकल-ओढ करणाऱ्या दांड्यांची साखळी असे. त्या दांड्या नळीच्या असतात, आणि नळीच्या दोन्ही टोकांना गोलाकार बेअरिंगचे डोळे. म्हणजे बग्गीचा टाय रॉडच. फक्त तो आभाळात काम करतो आणि तिथे रस्त्याच्या कडेला थांबून सरळ करायची सोय नसते.

त्या डोळ्याला आपल्या बाजारात ‘रॉड एंड’ म्हणतात. आतमध्ये भोक पाडलेला पोलादी गोळा, बाहेर त्याला धरणारे कडे, आणि कड्याला आटे पाडलेले शेपूट. अमेरिकेत याला ‘हाइम जॉइंट’ म्हणतात आणि इंग्लंडात ‘रोझ जॉइंट’, दोन्ही कारखानदारांच्या नावांवरून. दुसऱ्या महायुद्धात पाडलेल्या जर्मन विमानाच्या सांगाड्यात ब्रिटिशांना हा सांधा सापडला आणि तिथून तो दोस्त राष्ट्रांकडे गेला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. शर्यतीच्या मोटारींनी तो विमानांकडून उचलला. दिसायला देखणा, जुळवायला सोपा. एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे ठेवले, की नळी नुसती फिरवून चाकाचा कोन साधता येतो. कॉलेजच्या मुलांचे त्यावर फार प्रेम.

पण हा गोळा दोन्ही बाजूंना मनमानी कलत नाही. साध्या रॉड एंडमध्ये दहा ते पंधरा अंश, मग कड्याची कडा बोल्टला टेकते. आता बग्गीचे चाक उडी मारून उतरताना बारा सेंटीमीटर वर गेले, आणि टाय रॉड ३५ सेंटीमीटरचा असला, तर त्याचा कल होतो वीस अंश. कडे बोल्टला भिडते आणि चाकाची सगळी उडी त्या शेपटाला पहारीसारखी वाकवू लागते. रॉड एंड ओढण्या-ढकलण्यासाठी केलेला असतो, वाकवण्यासाठी नव्हे. तो तुटतो तो जवळजवळ नेहमी आट्यांच्या मुळाशी. अशा वेळी मुले दुकानात जाऊन एक नंबर मोठा रॉड एंड मागतात. खरे तर दोन्ही बाजूंना उतरते स्पेसर घालून गोळ्याला कलायला जागा करून दिली, किंवा आतल्या टोकाचा बोल्ट उभ्याऐवजी गाडीच्या लांबीच्या दिशेने आडवा घातला, तर जुना रॉड एंडही पुरतो. आडव्या बोल्टाभोवती चाकाची वर-खाली हालचाल बिनबोभाट फिरून जाते, गोळ्याला कलावेच लागत नाही.

तुटलेला तुकडा फेकून देऊ नये. त्याच्या तोंडाकडे भिंगातून पाहावे. सगळे तोंड खरबरीत, दाणेदार आणि मान जरा मुरगळलेली असेल, तर एकाच मोठ्या धक्क्याने घात केला. पण एका कडेपासून निघालेल्या, शिंपल्यावर असतात तशा बारीक वक्र रेषा दिसल्या, तो भाग गुळगुळीत असला आणि उरलेला कोपरा तेवढा दाणेदार, तर ती चीर आधीपासून पडलेली होती. सरावाच्या दिवसांत ती रोज थोडी सरकत गेली आणि शर्यतीच्या दिवशी उरलेल्या कोपऱ्याने हात टेकले. याला धातूचा थकवा म्हणतात. तो आट्याच्या खाचेत, वेल्डच्या कडेला, टूलने पडलेल्या ओरखड्यात सुरू होतो. लेथवर कापून पाडलेल्या आट्यांपेक्षा दाबून वळलेले, म्हणजे रोल केलेले आटे या बाबतीत फार सरस, कारण त्यांत धातूचे तंतू कापले जात नाहीत. खाचेचा कोपरा टोकदार न ठेवता गोलसर ठेवावा, हे काका ड्रॉइंगमध्ये नसतानाही करून देतात.

आता त्या ईएन-२४ विषयी. वर्कशॉपमध्ये मंत्रासारखी म्हटली जाणारी ही ‘ईएन’ नावे ब्रिटिशांनी महायुद्धाच्या काळात पोलादाच्या जाती मोजक्या कराव्यात म्हणून ठरवली. ब्रिटनने त्यांना केव्हाच निवृत्त केले. सातपूरमध्ये ती ठणठणीत आहेत. ईएन-८ म्हणजे ०.४ टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले साधे, भरवशाचे पोलाद. ईएन-१९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनमची भर. ईएन-२४ मध्ये त्याशिवाय निकेल; योग्य हीट ट्रीटमेंट झाली, की त्याची ताकद माइल्ड स्टीलच्या दुपटीच्या पुढे जाते. यातले ‘योग्य हीट ट्रीटमेंट झाली की’ हे शब्द महत्त्वाचे. घाईत आणलेल्या बारची नेमकी अवस्था कोणती, हे त्याच्या टोकाला फासलेल्या रंगावरून आणि टेस्ट सर्टिफिकेटवरून कळते. नुसत्या विक्रेत्याच्या शब्दावरून नाही. जुना कारागीर ग्राइंडरवर बार टेकवून ठिणग्या पाहतो. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांच्या. कार्बन वाढला, की त्यांना टोकाशी फुलबाजीसारखे फाटे फुटतात. आठ नंबर आणि माइल्ड स्टील यांतला फरक या परीक्षेत कळतो. एकोणीस आणि चोवीस मात्र ठिणग्यांवर ओळखण्याचा दावा करणाऱ्याला चहा पाजावा, पण बार घेऊ नये.

शिवाय ईएन-२४ वेल्ड करायला अवघड. आधी तापवून न घेता नेहमीसारखे वेल्ड मारले, तर वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाइपेच्या टोकांना आटे पाडलेले बुश वेल्ड करायचे असतात. ते हट्टाने ईएन-२४ चे केले, की सगळ्यात महागड्या जागीच चीर पडते. तिथे वेल्डला मानवणारे साधे पोलाद जास्त शहाणे. वाकलेला सुटा भाग गॅस मारून लालबुंद करून सरळ करणे हीदेखील नाक्यावरची आवडती कला. हार्डनिंग केलेल्या भागावर ती वापरली, की पैसे मोजून आणलेली ताकद धुराबरोबर निघून जाते.

बोल्टाचे प्रकरण तर याहून मजेचे. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे कोरलेले असते. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे मेगापास्कलमधली ताकद. दुसरा सांगतो, त्यातल्या किती हिश्शापर्यंत तो कायमचा न वाकता टिकेल. म्हणजे १२.९ चा बोल्ट १,२०० चा. आता टाय रॉडचा डोळा नकलच्या हातावर नुसता एका बाजूने बोल्ट घालून, मध्ये दोन सेंटीमीटरचा स्पेसर ठेवून बसवला, तर मघाच्या साडेसोळाशे किलोंच्या धक्क्याला दहा एमएमच्या बोल्टात वाकण्याचा ताण येतो तीन हजार मेगापास्कलच्या वर. जगातला कुठलाही नेहमीचा बोल्ट इथे वाकणारच. तोच बोल्ट दोन कानांच्या मधोमध डोळा धरून दोन्ही बाजूंनी आधार देऊन बसवला, तर त्याला फक्त कापण्याचा ताण उरतो, शंभर मेगापास्कलच्या आसपास. मग साधा ८.८ चा बोल्टही चार तास हसतखेळत काढतो. दुकानातून आणलेल्या महागड्या बोल्टापेक्षा वर्कशॉपमध्ये कापलेला एक जादा पत्र्याचा कान जास्त काम करून जातो, तो असा.

चिखलाचे काय? पीथमपूरची माती कोरडी. पण सराव नाशिककरांनी घाटमाथ्यावर केला, तर गोष्ट वेगळी. इगतपुरीच्या पावसात आणि लाल-काळ्या चिखलात उघडा रॉड एंड काही दिवसांत खुळखुळू लागतो. गोळा आणि कडे यांच्यात वाळूचे कण शिरतात आणि दोघांना घासून मोकळे करतात. एका सांध्यात अर्धा मिलिमीटर खेळ. असे चार-पाच सांधे मिळून चालकाच्या हातात दोन-तीन बोटे मोकळे फिरणारे स्टिअरिंग. त्यापेक्षा मारुतीचा मूळ टाय रॉड एंड, रबरी बूट घातलेला, आत ग्रीस भरलेला, दिसायला गावठी वाटला तरी चिखलात महिनोन्महिने घट्ट राहतो. पाच-सहाशे किलोंहून जड मोटारीचे पुढचे चाक वर्षानुवर्षे खड्ड्यांतून ओढण्यासाठीच तो घडवलेला आहे. त्याचा आकार फोर्जिंगचा आहे. तो लाखोंच्या संख्येने तपासून बनला आहे. बग्गीसाठी रेसिंगचे म्हणून जे विकले जाते त्यातल्या निम्म्या मालापेक्षा हा बरा, हे नाशिकचा कुठलाही जुना मेस्त्री सांगेल, आणि त्याचे ऐकावे.

याच इगतपुरीजवळ महिंद्राचे ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र आहे, आणि महिंद्राचा सातपूरचा कारखाना म्हणजे २००२ च्या स्कॉर्पिओचे आणि २०२० च्या नव्या थारचे जन्मस्थान. त्यामुळे नाशकात बग्गीवाल्या मुलांखेरीज थारवाल्यांचीही एक जमात आहे. त्यांची तक्रार थोडी वेगळी: ‘नवे रुंद टायर आणि बाहेर निघणारी रिम टाकली, तेव्हापासून टाय रॉड एंड टिकत नाहीत, जास्त मजबूत मिळतील का?’ इथे टाय रॉड अशक्त झालेला नसतो. त्याच्यावरचे ओझे वाढलेले असते. चाक जितके बाहेर काढावे, तितका दगडाचा धक्का वळण्याच्या आसापासून दूर बसतो आणि तितक्या पटीने स्टिअरिंगच्या दांड्याला मारतो. मूळ मापाची रिम परत बसवणे हाच तिथला स्वस्त उपाय, पण तो कुणालाच आवडत नाही. शिवाय रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची रचना कंपनीच्या मूळ मापांपासून बदलायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. बग्गीला ती अडचण नाही, कारण तिला नंबर प्लेटच नसते.

आता सगळेच मजबूत केले तर? पाइप क्रोमोलीची, बोल्ट दोन कानांत, रॉड एंड मोठा. चराच्या कडेला तोच झटका बसतो. टाय रॉड हलत नाही, मग झटका पुढे रॅकमध्ये शिरतो. चाक पूर्ण वळलेले असताना रॅकचा दांडा घराबाहेर लांब आलेला असतो; तो वाकतो, आणि वाकलेला रॅक घरात परत शिरत नाही, म्हणजे गाडी त्याच कोनात अडकली. नाहीतर रॅक धरणाऱ्या क्लॅम्पचे वेल्ड पाइपेवरून उखडते. नाहीतर नकलचा हात जातो. आणि हलकेपणाच्या हौसेपायी तो ७०७५ ॲल्युमिनियमचा केला असेल, तर तो वाकून इशाराही फारसा देत नाही. ते विमानाचे ॲल्युमिनियम, ताकद उत्तम; पण त्याला नेहमीच्या पद्धतीने वेल्ड करता येत नाही आणि पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा त्याला नाही. टाय रॉड बदलायला दोन पाने आणि दहा मिनिटे लागतात. रॅक बदलायला निम्मी शर्यत जाते. नकल बदलायला नाशिकला फोन करावा लागतो.

म्हणून अनुभवी संघ आधी ठरवतात, की या साखळीत सगळ्यात आधी कोणी हार मानायची. वीजमंडळाचे फ्यूज जसे, तसा टाय रॉड. तो नेहमीचे धक्के सोसण्याइतका ताठ असावा, पण रॅक आणि नकल यांच्यापेक्षा थोडा दुबळा. आणि त्याने तुटावे नाही, वाकावे. वाकलेल्या टाय रॉडवर, चाके फेंगडी झाली तरी, चालक गाडी हळूहळू पिटपर्यंत आणू शकतो. तुटलेल्या टाय रॉडवर एक चाक त्याला वाटेल तिकडे बघते. या हिशेबात १९ एमएमची साधी सीमलेस पाइप चपखल बसते, आणि क्रोमोलीचे पैसे वाचवून ते नकलच्या हातावर आणि रॅकच्या क्लॅम्पवर खर्च करता येतात. काकांच्या टेबलावर ईएन-२४ चे ड्रॉइंग घेऊन आलेली मुले दुसऱ्या खेपेला पाइपेचे ड्रॉइंग घेऊन येतात, ती या वाटेने.

काका मग पाइपेच्या टोकांना बुश बसवतात, एकाला सुलटे आटे, एकाला उलटे. वेल्ड निवल्यावर पाइप पुन्हा एकदा उजेडाकडे धरून पाहतात, कारण वेल्डच्या ओढीने ती केसभर जरी वाकली असली, तरी ऑयलरचे गणित तिथूनच बिघडायला लागते. सळई काय आणि पाइप काय, जितकी सरळ तितकी कागदावरच्या आकड्याच्या जवळ. असे चार नग होतात; दोन गाडीवर, दोन टेम्पोत. टेम्पोतल्या नगांची लांबी रॉड एंडसकट आधीच जुळवून, चेकनट घट्ट करून ठेवलेली असते, म्हणजे पिटमध्ये टेप शोधावी लागत नाही. शेवटी होस्टेलमधून मागून आणलेली लाल नेलपॉलिश निघते. प्रत्येक नटवरून सरळ आट्यावर उतरणारी एक बारीक रेघ ओढतात. शर्यतीत गाडी पेट्रोल भरायला थांबली, की एक मुलगी चाकाशी गुडघ्यांवर बसते, माती बोटाने पुसते आणि रेघ अजून सलग आहे का ते बघते.